हेडाऊचं कार्ड

माझी नात पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत ती नागपूरला आली होती, तेव्हा कंपनीनं पाठवलेली एक प्रश्नावली भरत बसली होती. कामात तुमचं मन लागतं का, लागत नसेल तर का, वरिष्ठ तुमचं ऐकून घेतात का, असे पंचवीस-तीस प्रश्न. एकेक वाचून ती हसत होती. मग मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?"

"नव्हतं," मी म्हणालो.

होतं. आमच्या कचेरीतली प्रश्नावली मीच छापून घेतली होती आणि तिच्या उत्तरांचं काय करायचं हेही मीच ठरवलं होतं. नातीशी खोटं बोललो याचं मला फार वाटलं नाही. ते खोटं किती तयार होतं, याचं वाटलं. गणपत हेडाऊचं नाव निघायची वेळ आली की मी वर्षानुवर्षं असंच काहीतरी चटकन बोलून बाजूला होत आलो आहे. बायकोला सांगेन सांगेन म्हणता ती गेली. तेव्हा आमच्या खोलीत काम करणारी माणसंही एकेक करून गेली. आता जे घडलं ते जसंच्या तसं सांगणारा मीच उरलो आहे, आणि माझं वय ऐंशीच्या पुढे आहे.

सत्तरच्या दशकात मी सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या कचेरीत पंचिंगच्या खोलीचा सुपरवायझर होतो. संगणक हा शब्द तेव्हा फक्त परिपत्रकात असे, बाकी सगळे 'मशीन' म्हणत. मशीन तळमजल्यावर, काचेच्या खोलीत, गार हवेत होतं. तिथे चपला बाहेर काढून जावं लागे, आणि जायची परवानगी मोजक्याच लोकांना. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला. माहिती भरलेले कागद आमच्याकडे येत. पंच ऑपरेटर कागदाकडे पाहून कळा दाबत आणि जाड कागदाच्या लांबट कार्डाला भोकं पडत. एका माणसाचं एक कार्ड. मग कागद आणि कार्ड दोन्ही व्हेरिफायर या तपासणीच्या यंत्राकडे जात. तिथे दुसरा माणूस तोच कागद पाहून त्याच कळा पुन्हा दाबी. दोघांचं जुळलं तर व्हेरिफायर कार्डाच्या उजव्या कडेला एक छोटी खाच पाडी. जुळलं नाही तर यंत्र जागच्या जागी अडे आणि लाल दिवा लागे. खाच नसलेलं कार्ड खालचे लोक हातात घेत नसत.

या कार्डांना ओल चालत नाही. दमट हवेत ती फुगतात आणि मशीनमध्ये अडकतात. म्हणून मे महिन्यात सगळं नागपूर वाळ्याच्या कूलरसमोर बसलेलं असताना आमच्या खोलीत कूलरला बंदी होती. पंखा जोरात सोडला तर कार्डं उडत, म्हणून पंखा एकवर. धूळ नको म्हणून खिडक्या बंद. डोक्यावर ओला रुमाल ठेवायचा नाही, थेंब पडेल. सकाळी साडेदहाला दार लागलं की चौदा माणसं आणि चौदा यंत्रांचा खडखडाट त्या खोलीत संध्याकाळपर्यंत कोंडलेला असे. मला एक लाकडी केबिन होती. तिला काच होती, पण तीही त्याच खोलीकडे उघडत होती.

हेडाऊ व्हेरिफायरवर बसायचा. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, किडकिडीत, मान जराशी पुढे. खाप्याचा कोष्टी. बापाचा खड्ड्यातला हातमाग होता, म्हणजे विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो. एकदा डबा खाताना तो म्हणाला होता, "बापाचे पाय म्या दिवसा कधी पाह्यलेच नाई सायेब. कमरेच्या वरचाच बाप मालूम आमाले." मग स्वतःच हसला होता. मॅट्रिक होऊन तो नागपूरला आला, महाल वस्तीतल्या एका गल्लीत खोली घेऊन राहिला. घरी माग नको म्हणून तो इथं आला होता, आणि तेवढं सोडलं तर त्याला त्या खोलीत कशाचीच घाई दिसत नसे.

कामाला बसण्याआधी तो हात धुवायचा, कोरड्या रुमालानं एकेक बोट पुसायचा आणि मग हात नाकाशी नेऊन हुंगायचा. तेल राहिलं असेल तर पुन्हा धुवायचा. कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन त्याची कड अंगठ्यानं पत्त्यांसारखी फुलवायचा आणि कानाशी धरायचा. एखादं कार्ड वाकलेलं असलं तर त्याला ते आवाजावरून कळे. कार्डाला तो कार्ड म्हणत नसे.

"किती मानसं झाले गा भाऊ आज?" सुनंदा मेश्राम त्याला विचारायची. ती त्याच्या शेजारच्या पंचिंग यंत्रावर बसे. इंदोरा वस्तीतून सायकलवर यायची. तिच्या तोंडाला मीही जरा टरकून असे.

"तू बिघडवले तेवढे सुदरवले वं बाई," हेडाऊ म्हणायचा.

"माहं एकबी बिघडत नाई. तुह्या मशीनचे डोळे गेले."

"मशीनले डोळे राह्यते का वं? तिले तं तू अन् मी, दोघंच."

एवढं झालं की तिकडच्या रांगेतून कोणीतरी हसे आणि मी केबिनमधून खाकरत असे.

आमच्या कामाचा एक नियम होता. तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला होता: कागदावर जे दिसेल तेच पंच करा. विचार करायचा नाही. विचार करणाऱ्या ऑपरेटरच्या हातून चुका होतात, हे मी स्वतः नव्यांना शिकवत असे. हेडाऊ नियम पाळायचा. मात्र कळा दाबून झाल्यावर एखादा कागद तो बाजूला ठेवायचा आणि एका छोट्या वहीत काहीतरी लिहायचा.

एका सोमवारी तो केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. कचेरीच्या सगळ्या शाखांतल्या माणसांच्या नोकरीचे तपशील तेव्हा कार्डांवर चढत होते. त्यात उमरेडच्या एका चौकीदाराचा कागद होता. कागदाप्रमाणे तो एकाहत्तर वर्षांचा होता आणि अजून नोकरीत होता.

"यादी छापून आली का त्याचं नाव उडते सायेब," हेडाऊ म्हणाला. "काल रविवार होता, तं म्या उमरेडले जाऊन आलो. भेटलो त्याले."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोनीच नाई. चांगला दांडगा हाये. एक्कावन्नचा. बाबूनं पाचाचा सात केला. म्या म्हनलं, काका, कागदावर तुमी म्हातारे झाले. तं त्यानं मले आंब्याच्या झाडावर चढून दाखवलं."

मी त्याला भरपूर बोललो. आपलं काम काय, आपली पायरी काय, परस्पर शाखेत जाणं म्हणजे काय, सगळं. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि दुरुस्त करून आणलेला, सही-शिक्क्याचा कागद माझ्या टेबलावर ठेवून तो गेला.

आठवडाभरानं मोठ्या साहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली. साहेब रागावतील म्हणून मी तयारीनं गेलो, तर ते खूश होते. मी तिथेच, उभ्या उभ्या, सांगून टाकलं की संशयास्पद कागदासोबत एक चिठ्ठी जोडून तो शाखेकडे परत पाठवायचा, अशी पद्धत मी सुरू करतो आहे. साहेबांनी लगेच मान्यता दिली. चिठ्ठी गुलाबी कागदावर छापली. परिपत्रकात माझं नाव आलं. हेडाऊनं पहिली चिठ्ठी हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाला, "कागद चांगला घेतला सायेब. गठ्ठ्यात लगेच दिसते." त्याच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी तेव्हा शोधलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढे दीड-दोन वर्षं त्या गुलाबी चिठ्ठ्या जवळजवळ एकटा हेडाऊ भरायचा. भिंतीवरच्या फळ्यावर कोणी दिवसाला किती कार्डं केली ते मी लिहीत असे. महिन्याच्या शेवटी पहिल्या आलेल्याला स्टीलचा डबा मिळे. हेडाऊ कायम मधे कुठेतरी. चिठ्ठी लिहायला वेळ जातो आणि फळ्यावर चिठ्ठीला रकाना नव्हता.

मोठे साहेब कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात बसलं की लोकांना कामात गोडी का वाटत नाही, हे लोकांनाच विचारलं पाहिजे. ते काम माझ्यावर आलं. मी प्रश्नावली केली. शेवटचा प्रश्न होता: कामात मन लागण्यासाठी तुम्हाला काय हवे? खाली पर्याय. एक, पंखा. दोन, चहाची सुट्टी. तीन, बसायला बरी खुर्ची. असे आठ. नववा, इतर, आणि त्यापुढे दोन रिकाम्या ओळी. नाव लिहायचं नव्हतं. सगळ्या कचेरीनं ती भरली, आमच्या खोलीनंही भरली, आणि मग ते सगळे कागद पंचिंगसाठी आमच्याच खोलीत आले.

दुसऱ्या दिवशी हेडाऊ पाच-सहा कागद घेऊन केबिनमध्ये आला.

"सायेब, या कागदायचं का कराचं?"

"काय झालं?"

"लोकायनं मनापासून लिवलं हाये. हे पाहा, एक जन लिवते, सायेबानं मले नावानं हाक माराव. हा म्हनते, बदली कराची तं आधी इचारा. अन् आपन सगळ्यायले नऊ दाबून राहिलो."

"कार्डाला ऐंशी रकाने असतात हेडाऊ. माणसाचं गाऱ्हाणं त्यात कुठून बसवू?"

"रकाने तं आपनच ठरवतो ना," तो म्हणाला. मग हातातले कागद सारखे करत, "चिठ्ठी लावू का?"

"कोणाकडे पाठवणार? नाव आहे का त्यांच्यावर?"

तो हसला. "तेबी खरंच." आणि कागद घेऊन वळला. त्यातला सगळ्यात वरचा कागद मी मागून घेतला, कारण ते अक्षर माझ्या ओळखीचं होतं. गुलाबी चिठ्ठ्यांवर मी ते रोज पाहत होतो. नवव्या पर्यायापुढे लिहिलं होतं: मी तपासलेलं कार्ड खाली जाऊन त्याचं काय होतं, ते एकदा पाहू द्यावं.

तो माझ्याकडेच पाहत होता. मी कागद परत दिला आणि म्हणालो, "नऊ."

निकाल छापून आला. बहुसंख्य लोकांना पंखा हवा होता. आमच्या खोलीला दुसरा पंखा मिळाला. तोही एकवर.

त्याच हिवाळ्यात प्रोग्रॅमर होण्याच्या प्रशिक्षणाची जाहिरात निघाली. खात्यातल्या कोणालाही परीक्षा देता येणार होती, फक्त अर्ज विभागप्रमुखाच्या, म्हणजे आमच्या खोलीपुरता माझ्या, शिफारशीनं, योग्य मार्गानं जायला हवा होता आणि वयाची अट होती. हेडाऊचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी तो अटीबाहेर जाणार होता.

त्यानं सीताबर्डीवरून जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. डब्याच्या सुट्टीत सुनंदा त्याला त्यातले प्रश्न विचारायची. तिला इंग्रजी नीट वाचता येत नसे, ती अक्षर अक्षर लावून वाचायची आणि तो तिला थांबवून उत्तर सांगायचा. "मले का कळते गा ते खरं का खोटं," ती म्हणायची, "तू आपला बोल जोरानं, मंग खरंच वाटते." वापरून झालेल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर तो गणितं सोडवायचा. खोलीतली सगळीच माणसं त्या परीक्षेत गुंतली होती. त्या दोन महिन्यांत त्या खोलीत जितकं मन लावून काम झालं तितकं पुन्हा कधी झालं नाही, आणि त्याचं कारण माझ्या प्रश्नावलीतल्या आठांपैकी एकही नव्हतं.

अर्ज त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, घडी पडू नये म्हणून. टेबलावर ठेवताना म्हणाला, "मुदत वीस दिवसाची हाये सायेब. मले मालूम हाये तुमी ठेवनार नाई, पन सांगून ठेवलं."

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हा कागद समोर घेतला आहे.

त्या वेळी कचेरीची ज्येष्ठता यादी मार्चअखेर छापून द्यायची होती. हजारो माणसांच्या बढत्या आणि बदल्या त्या यादीवर होणार होत्या. मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "यादी बिनचूक गेली तर तुम्हाला खाली, मशीनवर घेतो." मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. त्या उकाड्यातून, त्या खडखडाटातून, त्या लाकडी केबिनमधून. हेडाऊ प्रशिक्षणाला गेला तर यादी बिनचूक जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कागदच चुकीचा असला तर दोघांचं जुळतं आणि यंत्र खाच पाडून मोकळं होतं. तशा जुळलेल्या चुका पकडणारा माणूस माझ्याकडे एकच होता.

मी अर्ज खणात ठेवला. फेकला नाही. पहिल्या दिवशी मला वाटत होतं की यादीचं थोडं मार्गी लागलं की पाठवून देऊ. दहाव्या दिवशीही वाटत होतं. तो रोज येऊन दारातूनच विचारायचा, "गेला का सायेब?" मी म्हणायचो, "गेला वर." विसाव्या दिवसानंतर त्यानं विचारलं, "वरून काई आलं का?" मी म्हणालो, "मंजुरी आली नाही. वरच्यांचं काही सांगता येत नाही."

"असं हाये का," तो म्हणाला. "तुमी पाठवलं ना, बस झालं."

त्या दुपारी त्यानं दोन गुलाबी चिठ्ठ्या भरल्या. मी मोजल्या होत्या.

यादी वेळेत गेली, बिनचूक गेली. पण मला खाली घ्यायचा हुकूम लगेच निघाला नाही, आणि दरम्यान दरवर्षीचे सेवा-तपशिलाचे कागद आले. प्रत्येक प्रमुखानं आपल्या माणसांचे भरायचे. त्यात एक कलम होतं: प्रशिक्षणासाठी शिफारस. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हेडाऊपुढे मी एक लिहिलं असतं तर कोणी विचारलं असतं, मग याचा अर्ज कुठे आहे? मी दोन लिहिलं. माझ्या शाईनं, माझ्या अक्षरात, खाली माझी सही. कागद सीलबंद पाकिटात घालून वर पाठवला.

एवढी काळजी घेणाऱ्या माणसाच्या लक्षात एक साधी गोष्ट आली नाही. सगळ्या कचेरीचे कागद पंचिंगसाठी जिथे येतात, तिथेच आमच्या खोलीचेही येणार. वरच्या बाबूनं पाकिटं फोडली, गठ्ठे बांधले आणि आमच्याकडे पाठवले. गठ्ठा सुनंदाकडे गेला.

मी केबिनमध्ये होतो. सुनंदाचं यंत्र थांबलं, तेव्हा मी मान वर केली. चौदा यंत्रांत एक थांबलं तर इतरांना कळत नाही, सुपरवायझरला कळतं. ती एका कागदाकडे पाहत होती. मग तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मी नजर काढून घेतली. मग तिनं कळा दाबल्या, आणि कार्ड व कागद गठ्ठ्याच्या मध्ये कुठेतरी खुपसले.

ती तरी काय करणार होती? नियम भिंतीवर होता.

अर्ध्या तासानं हेडाऊचा हात थांबला.

मी उठून दारात आलो. का आलो, मला सांगता येणार नाही. कागद त्याच्यासमोर उभा लावलेला होता आणि कार्ड यंत्रात होतं. स्वतःचं नाव, जन्मतारीख, खापा, शिक्षण, सगळं तपासून तो त्या रकान्याशी येऊन थांबला होता. बोट कळेच्या वर. त्यानं दोनाऐवजी एक दाबलं असतं तर यंत्र अडलं असतं, लाल दिवा लागला असता, कार्ड चुकीचं ठरून बाजूला पडलं असतं. निदान त्या दिवसापुरतं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. तरी मी उभा आहे हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं रुमाल काढून ते एक बोट पुसलं.

मग त्यानं दोन दाबलं.

यंत्र अडलं नाही. उरलेले रकाने गेले, कार्ड पलीकडे सरकलं, कडेला खाच पडली. त्यानं ते उचलून गठ्ठ्यावर ठेवलं आणि पुढचा कागद घेतला.

"बराबर हाये," तो म्हणाला. कोणाला म्हणाला, कळलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सुनंदा केबिनशी थांबली. "म्याबी तेच दाबलं सायेब. अन् त्यानंबी तेच दाबलं. दोघायचं जुळलं." एवढं म्हणून तिनं सायकलची किल्ली पर्समधून काढली आणि गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

हेडाऊ दुसऱ्या दिवशी साडेदहाला आला, हात धुतले, बसला. पण गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यानं टेबलावरून उचलून माझ्या केबिनच्या खिडकीत आणून ठेवला, पेपरवेटसकट. त्यानंतर त्यानं एकही चिठ्ठी भरली नाही. छोटी वही दिसेनाशी झाली. एकाहत्तर वर्षांचा चौकीदार आला असता तर त्यानं एकाहत्तर दाबलं असतं.

दोन महिन्यांत तो फळ्यावर पहिला आला. मग दर महिन्याला. स्टीलचा डबा देताना मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हेडाऊ, यांना सांगा, तुमचं गुपित काय?"

"काई नाई सायेब," तो म्हणाला, "जसं दिसते तसं दाबतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. साहेब जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याला म्हणतात कामात मन लागणं. प्रश्नावलीचा फायदा झाला बघा." मी त्यांना म्हणू शकलो असतो की साहेब, तो माणूस आता इथे नाही. मी "हो सर" म्हणालो.

काही महिन्यांनी मी खाली गेलो. काचेची खोली, गार हवा, पायात मोजे. वरून कार्डांचे गठ्ठे येत, प्रत्येकाच्या कडेला खाच. ते मशीनमध्ये लावताना मी अंगठ्यानं कड फुलवायला शिकलो होतो, हेडाऊसारखी. त्याला खाली बोलावून एकदा दाखवणं माझ्या हातात होतं. पाच मिनिटांचं काम. जिन्यावर तो दिसला की आज बोलावू असं वाटे. पण काचेच्या खोलीत तो माझ्यासमोर उभा राहील आणि मला काहीतरी बोलावं लागेल, या भीतीनं मी जिना बदलला. पुढची आठ-नऊ वर्षं मी मागच्या जिन्यानं वर-खाली केलं.

ऐंशीच्या दशकात कार्डं गेली. टेबलांवर पडदे आले, पंचिंगची खोली रिकामी झाली आणि माणसं इतर विभागांत वाटली गेली. हेडाऊला जुन्या कागदपत्रांच्या खोलीत टाकलं. वर्षभरात तो नोकरी सोडून खाप्याला गेल्याचं मी ऐकलं. निरोपसमारंभाला मी रजा टाकली होती.

त्यानंतर एकदाच मी खाप्याला गेलो. बसमध्ये सावनेर येईपर्यंत मी एकच वाक्य मनात म्हणत होतो: हेडाऊ, तुमचा अर्ज वर गेलाच नव्हता, तो माझ्या खणात होता, आणि दोन मीच लिहिलं. पुढचं वाक्य तयार केलं नव्हतं. एवढं बोललो की पुढचं आपोआप येईल असं वाटत होतं.

स्टँडवर विचारलं तर कोणीतरी म्हणालं, जावयाच्या गिरणीत बसतात. पिठाची गिरणी होती. दारात बायका डबे घेऊन रांगेत उभ्या. आत हेडाऊ, केसांवर, भुवयांवर पीठ. त्यानं मला लगेच ओळखलं. "अरे, सायेब!" म्हणून त्यानं हात पंच्याला पुसले, आतून लोखंडी खुर्ची आणली, तिच्यावरचं पीठ झटकलं. गिरणीच्या आवाजात ओरडून त्यानं बायकांना सांगितलं, "हे माहे सायेब. नागपूरचे. यायच्याच हाताखाली होतो मी." चहा मागवला. सुनंदाची खुशाली विचारली. माझ्या मुलाबाळांची विचारली. मी उत्तरं दिली, तीही ओरडूनच.

चहा संपला. कप खाली ठेवून मी म्हणालो, "हेडाऊ, एक सांगायचं होतं."

त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण माझा चेहरा त्यानं पाहिला असणार. तो उठला, बटण बंद केलं आणि काठीनं पट्टा चाकावरून खाली उतरवला. गिरणी घरघरत घरघरत थांबली. एकदम इतकी शांतता झाली की बाहेर कोणीतरी डब्याचं झाकण लावलं, तेही ऐकू आलं.

"काहून बंद केली गा भाऊ?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "माहं अर्धंच दळून झालं."

"थांब वं माय जरा," हेडाऊ म्हणाला. "सायेबाले काई बोलाचं हाये."

तो माझ्यासमोर पोत्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बायका थांबल्या. मला आजही वाटतं की मी काय बोलायला आलो आहे, हे त्याला ठाऊक होतं आणि ते ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. त्यासाठीच त्यानं चालती गिरणी थांबवली होती.

"यंदा कन्हान नदीला पाणी बरं आहे का?" मी विचारलं.

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. हेडाऊ हसला नाही.

"हाये," तो म्हणाला. त्याचे हात गुडघ्यांवरच होते. "आनखी काई सायेब?"

"नाही. एवढंच."

तो उठला. काठी घेतली आणि पट्टा पुन्हा चाकावर चढवला.